सर्व्हे नंबर शून्य

पंक्तीत पान मांडले की सर्वांत आधी मीठ वाढावे, ही आपली जुनी रीत. पानाच्या वरच्या अंगाला, लिंबाच्या फोडीशेजारी, चिमूटभर. ते वाढणाऱ्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही. वाढायचे राहून गेले तर मात्र पंगत खोळंबते. बडोद्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपणां मराठी मंडळींच्या पानातले हे मीठ बहुधा गुजरातचेच असते. देशातल्या एकूण मिठापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ या एका राज्यात पिकते. मीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते ते समुद्रकाठचे मिठागर. भरतीचे पाणी बांधातून आत घ्यायचे, वाफ्यावाफ्यातून फिरवायचे आणि उन्हाच्या हवाली करायचे, ही रीत उरण-पेणच्या खारपट्टीत चालते, तीच गोव्यात. आपल्या जुन्या बडोदे संस्थानातल्या ओखामंडळातही समुद्राचेच पाणी आटवीत. टाटा केमिकल्स ही कंपनी 1939 साली स्थापन झाली ती याच ओखामंडळात, मिठापूरला. परंतु बडोद्याहून अहमदाबाद-विरमगामच्या वाटेने निघाल्यास एका दिवसात पोहोचता येईल अशा ठिकाणी मीठ पिकवण्याची आणखी एक रीत चालते. ते मीठ मुळात समुद्राचे. पण काढतात मात्र विहिरीतून. ही जागा म्हणजे कच्छचे छोटे रण.

रण म्हणजे वाळवंट, असे समजून तेथे जाणाऱ्यास वाळू सापडत नाही. सापडतो तो वाळलेला, भेगाळलेला, खारा चिखल. नजर पोहोचेल तेथवर सपाट. संस्कृतातल्या ‘इरिण’ म्हणजे खारवट ओसाड भूमी या शब्दापासून ‘रण’ आला, असे भाषापंडित मानतात, आणि ती व्युत्पत्ती डोळ्यांना लगेच पटते. सुरेंद्रनगर, पाटण, मोरबी आणि कच्छ या जिल्ह्यांच्या मध्ये पसरलेला हा सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरांचा प्रदेश एके काळी समुद्राचाच फाटा होता. काठावरच्या झिंझुवाडा गावी आजही जुन्या किल्ल्याच्या भव्य वेशी उभ्या आहेत, आणि येथे पूर्वी बंदर होते असे गावकरी अभिमानाने सांगतात. समुद्र मागे हटला, तरी त्याने आपला हक्क पुरता सोडलेला नाही. पावसाळ्यात एकीकडून बनास, रूपेण, सरस्वती, मच्छु, ब्राह्मणी या नद्या आपले पाणी रणात आणून ओततात. दुसरीकडून नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर कच्छच्या आखाताचे पाणी सूरजबारीच्या खाडीतून आत शिरते. गोडे आणि खारे पाणी एकत्र होऊन चार महिने रणाचे उथळ सरोवर बनते. त्यातून डोके वर काढून राहतात ती काही उंचवट्याची ठिकाणे. त्यांना तेथे ‘बेट’ असेच म्हणतात. नवरात्र उलटले की पाणी ओसरू लागते आणि ज्या जमिनीवर होडी चालत होती तेथे ट्रॅक्टर चालू लागतो.

त्या ट्रॅक्टरांतून येतात ते अगरिये. आपल्याकडचा ‘आगरी’ आणि तिकडचा ‘अगरिया’ हे दोन्ही शब्द ‘आगर’ या एकाच शब्दाची लेकरे आहेत, आणि ‘आगर’ आला तो संस्कृत ‘आकर’, म्हणजे खाण, यावरून. छोट्या रणातले अगरिये बहुसंख्येने चुंवाळिया कोळी समाजाचे. काही मुसलमान कुटुंबेही आहेत. चूल, खाट, पिठाचे डबे, पाण्याची पिंपे आणि लहान मुले असा संसार घेऊन ते ऑक्टोबरच्या सुमारास रणात उतरतात आणि एप्रिल-मे उलटल्यावरच गावी परततात. वर्षातले सात-आठ महिने ज्या जागी काढायचे, तेथे झाड नाही, आडोसा नाही, प्यायच्या पाण्याचा थेंब नाही. पिण्याचे पाणी टँकरने येते, तेही दर काही दिवसांनी, आणि ते पुरवून पुरवून वापरावे लागते. खारे पाणी मात्र पायाखाली हवे तेवढे.

ते वर काढण्यासाठी प्रथम विहीर खणावी लागते. पूर्वी तीस-चाळीस फूट खोल विहीर हातांनी खणत. मातीचा कडा ढासळून माणूस गाडला जाण्याचे भय असे. आता बऱ्याच ठिकाणी नळ ठोकून कूपनलिका घेतात. एवढे करूनही पाणी मनासारखे खारट लागेलच असे नाही. दोन-दोन, तीन-तीन जागी खणल्यावर एखादी विहीर हाती लागते. येथे ‘मनासारखे खारट’ म्हणजे काय, हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. पाण्यातला क्षार मोजण्याचे एक माप आहे, त्याला बोमे अंश म्हणतात. समुद्राचे पाणी साधारण तीन अंशांच्या आसपास असते. रणाच्या पोटातले पाणी बारा-पंधरा अंशांचे, म्हणजे समुद्राहून कितीतरी पट तीव्र. शतकानुशतके समुद्र येत-जात राहिला आणि ऊन त्याचे पाणी शोषीत राहिले. मागे उरलेले जमिनीने गिळून ठेवले. अगरिया विहिरीतून वर काढतो तो अशा रीतीने जमिनीत मुरलेला समुद्रच म्हणायचा.

हे पाणी उथळ वाफ्यांतून फिरत फिरत आटते. पंचवीस अंशांच्या सुमारास त्यात मिठाचे स्फटिक धरू लागतात. त्याच्या आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम खाली बसून गेलेले असते. पाणी आणखी आटत जाऊन तीस अंशांच्या घरात पोहोचले की मॅग्नेशियमचे क्षार मिठात मिसळू लागतात आणि मीठ कडवट, ओलसर होते. म्हणजे चांगले मीठ मिळण्याची खिडकी चार-पाच अंशांचीच. त्या खिडकीत पाण्याला महिनोन् महिने धरून ठेवायचे, वेळेवर नवे पाणी सोडायचे आणि कडू झालेले वेळेवर काढून टाकायचे, हे काम साक्षरतेच्या कुठल्याही व्याख्येत न बसणारी माणसे करतात. काहींपाशी काचेचे मापयंत्र असते. पुष्कळ जण पाण्याच्या रंगावरून, फेसावरून आणि जिभेवरच्या थेंबावरून अंश ओळखतात. अतिखारट पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे पिकत आलेल्या वाफ्याला गुलाबी झाक येते. जाणत्याला ती पुरेशी असते.

ज्या मोठ्या वाफ्यात अखेरचे मीठ धरते त्याला ‘पाटा’ म्हणतात. पाट्याची जमीन आधी तयार करावी लागते, आणि ती तयार होते पायांनी. ओला चिखल घरातली सर्व माणसे ओळीने तुडवतात, एका दिवशी नव्हे, अनेक दिवस. तळ इतका घट्ट व्हावा लागतो की पाणी झिरपता कामा नये आणि पुढे मीठ ओढताना माती वर येता कामा नये. मग पाणी सोडायचे आणि स्फटिक धरू लागले की रोज लाकडी दंताळे पाट्यातून ओढायचे. स्फटिक एकमेकांना चिकटून त्यांची लादी बनू नये, प्रत्येकाला सर्व अंगांनी वाढता यावे, यासाठी ही मेहनत. समुद्रकाठच्या मिठागरात जे बारीक मीठ होते त्याला गुजरातीत ‘करकच’ म्हणतात. रणातले मोठाल्या चौकोनी खड्यांचे मीठ ते ‘वडागरु’. हातात घेतले तर कोरीव काचेचा तुकडा वाटावा. दंताळे ओढण्याचे हे काम मी थंडीच्या दिवसांत पाटडीकडून रणात गेलो असता पाहिले आहे. घोट्याएवढ्या पाण्यात एक मध्यमवयीन बाई दंताळे ओढीत होत्या. पाट्याच्या टोकाला जाऊन त्या वळत आणि त्याच संथ पावलांनी परत येत. अर्धा-पाऊण तास मी उभा होतो, तेवढ्या वेळात त्या एकदाही थांबल्या नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये मीठ काढून ढीग घालतात आणि ते ट्रकने खाराघोडा, पाटडी, हळवद या बाजूंना जाते.

अशा पाण्यात वर्षानुवर्षे उभे राहिलेले पाय काठीसारखे ताठ होतात. अगरियाला अग्नी दिल्यावर सगळा देह जळतो पण पाय तेवढे जळत नाहीत आणि मग ते वेगळे काढून, मीठ घालून पुरावे लागतात, ही हकीकत त्या भागात ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकू येते. वृत्तपत्रांतून रणावर जे लिहिले जाते ते बहुधा या गोष्टीशी सुरू होते आणि तिच्यापाशीच संपते. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो खरा. पण काट्याचे काम तेवढेच. मला स्वतःला मरणानंतरच्या पायांपेक्षा जिवंतपणीचा हिशेब अधिक बोचतो. हंगामापूर्वी व्यापारी उचल देतो. तिच्यातून धान्य आणि इंजिनाचे तेल येते, विहिरीचाही खर्च भागतो. उचल देतानाच मिठाचा भाव बांधला जातो. हंगामाच्या शेवटी अगरियाच्या पदरात पडणारा भाव किलोमागे एक रुपयाही नसतो. आपण दुकानात पिशवीवर छापलेली किंमत मोजतो, तीत दळणे, धुणे, आयोडीन घालणे, पिशवी, जाहिरात, वाहतूक हे सर्व येते, हे मान्य. तरीही ज्याच्यावाचून यांतले काहीच होणार नाही, त्याचा वाटा त्यात शोधावा लागतो. आपल्या भाषेत खाल्ल्या मिठाला जागण्याची मोठी महती आहे. मात्र आजवर ते मीठ वाढणाऱ्या धन्याचेच समजले गेले.

एका बाबतीत मात्र गेल्या काही वर्षांत खरा पालट झाला. विहिरीतले पाणी उपसायला रात्रंदिवस तेलावरचे इंजिन चालवावे लागे आणि हंगामाच्या खर्चाचा निम्म्याहून मोठा हिस्सा त्या इंजिनाच्या पोटात जाई. ज्या प्रदेशात सूर्यच मीठ पिकवतो, तेथे पाणी उपसायला मात्र आखाती देशांचे तेल जाळायचे, हा विचित्र व्यवहार सौर पंपांनी मोडला. आधी स्वयंसेवी संस्थांनी प्रयोग केले, महिलांच्या ‘सेवा’ संघटनेने सभासद कुटुंबांना कर्जाची वाट काढून दिली, आणि पुढे राज्य सरकारने अनुदान दिले. आज रणात ढिगांच्या शेजारी निळ्या काळ्या तावदानांच्या रांगा दिसतात. ज्या घरात हे पंप आले त्या घराची उचल कमी झाली. आणि उचल कमी झाली की भाव बोलताना थोडा तरी आवाज निघतो.

आता त्या जमिनीकडे वळू. मीठ हा सरकारचा मक्ता, हे इंग्रजांनी 1882 च्या कायद्याने ठरवून टाकले होते. मुंबई इलाख्यासाठी 1890 चा वेगळा कायदा झाला. खाराघोडा तेव्हा अहमदाबाद जिल्ह्यात, म्हणजे खालसा मुलखात होते, आणि रणाच्या काठावरचे ते मिठाचे मोठे सरकारी ठाणे बनले. शेजारच्या ध्रांगध्रा संस्थानाचे मीठ कुड्याला पिके. 1930 साली मिठासाठी देश उठला, 1947 साली मिठावरचा कर गेला, आणि 1948 साली असे ठरले की दहा एकरांपर्यंतच्या जमिनीवर मीठ पिकवणाऱ्यास परवान्याची गरज नाही. सत्याग्रहाचे हे फळ अगदी लहान माणसाच्या हाती यावे अशी त्यामागची भावना होती. परंतु त्यात एक गोष्ट राहून गेली. परवाना नको, हे ठरले. जमीन कोणाची, हे ठरले नाही. गावोगावच्या जमिनींची मोजणी होऊन त्यांना क्रमांक मिळाले, तशी छोट्या रणाची मोजणी झाली नाही. महसुली दफ्तरात त्याची ओळख ‘सर्व्हे नंबर शून्य’ अशी पडली. पाच हजार चौरस किलोमीटरांवर पिढ्यान् पिढ्या राबणाऱ्या माणसांच्या नावे सात-बारा नाही, आणि म्हणून अवेळी पाऊस पडून पीक विरघळले तरी शेतकऱ्याला मिळते तशी भरपाई हक्काने मागता येत नाही. 2021 च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळाच्या पावसात तयार मिठाचे ढीग वाहून गेले, तेव्हा हा प्रश्न पुन्हा डोक्यावर आला.

शून्याच्या या जमिनीवर 1973 साली दुसरा एक हक्क नोंदला गेला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये छोटे रण ‘घुडखर अभयारण्य’ म्हणून घोषित झाले. घुडखर म्हणजे रानगाढव. फिक्या तांबूस रंगाचे, पांढऱ्या पोटाचे, अत्यंत चपळ जनावर. भारतात त्याचे घर हे एवढेच. 1960 च्या आगेमागे आलेल्या साथींनी त्याचा जवळजवळ निकाल लावला होता. 1969 च्या मोजणीत अवघी 362 जनावरे भरली. संरक्षणाची गरज होती, यात शंका नाही, आणि संरक्षणाने गुण दिला. 1976 साली 720, 2020 साली 6082 आणि 2024 साली 7672 अशी ती संख्या वाढत गेली. आपल्या देशात वन्य प्राण्यांविषयी लिहिताना बहुधा घटीचेच आकडे द्यावे लागतात. म्हणून हे आकडे लिहिताना मला आनंद होतो.

पण याच आकड्यांत एक साक्ष दडलेली आहे. जनावरांची संख्या वीसपटीने वाढली, त्या सर्व काळात रणात मीठ पिकतच होते. अगरिया रणाच्या उघड्या चिखलात राबतो; घुडखर चरतो तो बेटांवरच्या गवतावर आणि काठच्या शेतांत. मीठ पिकवणाऱ्याचे बांध, वाफे, पाटे, झोपडी हे सर्व दर पावसाळ्यात पुसले जाते. जमिनीला कुंपण पडत नाही. रोहित पक्षी येतात, क्रौंचांचे थवे हिवाळ्यात उतरतात, ते याच खाऱ्या पाण्याच्या ओढीने. मिठाच्या व्यवसायात सारेच निर्दोष आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. ट्रकांच्या चाकोऱ्यांनी रण चिरले जाते. मोठ्या भांडवलाची शेकडो एकरांची आगरे आणि दहा एकरांचा अगरिया यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. वनखात्याची चिंता अनाठायी नाही. मात्र ती चिंता प्रथम कोणाच्या दारात जाऊन उभी राहिली, हे पाहण्यासारखे आहे.

1997 साली अभयारण्यातल्या हक्कांच्या निश्चितीचे काम सुरू झाले. ज्याचा हक्क असेल त्याने अर्ज करावा, असे जाहीर झाले. वर्षाचे आठ महिने जी माणसे गावात नसतात, ज्यांच्यापाशी कागद म्हणावा असा कागद नाही, त्यांच्यापर्यंत ते जाहीर होणे कितपत पोहोचले असेल, याची कल्पना करता येते. पुष्कळांची नावे यादीत आली नाहीत. नाव नाही म्हणजे हक्क नाही, आणि हक्क नाही म्हणजे रणात प्रवेश नाही, अशी वेळ पुढे आली. 2023 साली त्यावरून मोठी खळबळ उडाली. अगरिया हितरक्षक मंच या संघटनेने आणि गावोगावच्या अगरियांनी प्रश्न लावून धरला, तेव्हा त्याच वर्षी राज्य सरकारने दहा एकरांपर्यंत परंपरेने मीठ पिकवणाऱ्यांना मुभा देण्याचे जाहीर केले. ही मुभा आहे, मालकी नव्हे. जाहीर झालेली मुभा आणि दफ्तरात लिहिलेले नाव यांतले अंतर ज्यांनी सरकारी नोकरीत केस पांढरे केले त्यांना समजावून सांगायला नको.

आम्हा शिक्षकांना या गोष्टीचे वेगळे भान असते, कारण आमचा सगळा कारभार पटावर चालतो. पटावर नाव असलेला मुलगा गैरहजर असला तरी असतो. नाव नसलेला मुलगा वर्गात येऊन बसला तरी नसतो. रणाच्या काठच्या गावांतल्या शाळांत दिवाळीनंतर बाके रिकामी पडतात. नावे पटावर, मुले पाट्यावर. यासाठी रणात तंबूतल्या शाळा निघाल्या. पुढे परिवहन महामंडळाच्या निकामी झालेल्या बसगाड्या रंगवून, आत फळा-बाके बसवून त्या रणात नेऊन उभ्या केल्या. वारा सुटला की तंबू राहत नसे, बस राहते. माझ्या व्यवसायबंधूंनी तेथे जे केले ते कौतुकाचे आहे. विस्तीर्ण रणात विखुरलेल्या झोपड्यांतून लहानग्यांना एका ठिकाणी आणायचे, हेच मुळी अर्ध्या दिवसाचे काम. तिथला एक मुलगा मला आठवतो. त्याला पंचवीस आणि तीस यांच्यामधल्या संख्या विचारल्या, तर त्या त्याने फार मन लावून, एकेक करून सांगितल्या. घरी त्यांचेच राज्य होते.

अलीकडे रणात आणखी एक पाहुणा येऊ लागला आहे, तो म्हणजे नर्मदेचे पाणी. ज्या पाण्यासाठी सौराष्ट्र-कच्छने दशकानुदशके वाट पाहिली, ते कालव्यांतून शेतांत आले आणि जास्तीचे वाहून रणात उतरू लागले, तेही ऐन हंगामात. गोडे पाणी पाट्यात शिरले की महिन्या-दोन महिन्यांची मेहनत विरघळते. शेतकऱ्याच्या तोंडी जो आशीर्वाद, तोच शेजारच्या अगरियाच्या कपाळी संकट होऊन येतो. आणि पुन्हा, कालव्याचे पाणी शून्य क्रमांकाच्या जमिनीवर गेले तर नुकसान कोणाचे मांडायचे, हे दफ्तराला कळत नाही.

जूनमध्ये पहिला पाऊस पडायच्या आत रण रिकामे होते. न विकलेले ढीग झाकून ठेवतात किंवा काठावर आणतात. सौर पंप आणि तावदाने ट्रॅक्टरवर चढतात. मग आखाताचे पाणी सूरजबारीतून आत येते आणि त्याबरोबर कोळंबीची पिल्ले येतात. मच्छीमार कुटुंबे आपली जाळी घेऊन त्या पाण्यात उतरतात. जेथे दंताळे फिरत होते तेथे तीन-चार महिने जाळी फिरतात. हे पाणीही सरते. आश्विनात पुन्हा ट्रॅक्टर निघतो तेव्हा समोर खूणगाठ म्हणावी असे काहीच नसते. बांध नाही, दगड नाही, मागल्या वर्षीची झोपडीही नाही. तरी प्रत्येक कुटुंब आपल्याच पाट्यावर जाऊन थांबते. बेटाचे टोक कोणत्या दिशेला किती दूर दिसते, जमिनीचा उतार कोणीकडे आहे, बुजलेल्या विहिरीच्या जागी माती किंचित खचलेली आहे की नाही, एवढ्यावर ते जागा ओळखतात. शेजाऱ्याची हद्द कोठे सुरू होते हेही त्यांना ठाऊक असते. तेथे सामान उतरवतात, चूल मांडतात आणि दुसऱ्या दिवशी विहिरीचे तोंड उकरायला घेतात.